स्वमग्नांचे संगोपन : दया की हमी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



नियोजनाची सुरुवात मोजणीपासून होते. ज्याची मोजदाद नाही त्याच्यासाठी तरतूद नाही, हा अंदाजपत्रकाचा अलिखित नियम आहे. 2011 च्या जनगणनेने भारतातील अपंगांची संख्या 2 कोटी 68 लाख सांगितली. दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल, मतिमंदत्व, मनोविकार असे त्या तक्त्यात रकाने होते. स्वमग्नतेचा रकाना नव्हता. गणक दाराशी आला तेव्हा अशा घरातील माणसांनी मुलाला एक तर मतिमंदांच्या रकान्यात बसवले, नाही तर ‘इतर’ या सदरात ढकलले, नाही तर लोकलज्जेस्तव त्याच्याविषयी काहीच सांगितले नाही. 2021 ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख मुक्रर झाली. म्हणजे जवळजवळ दीड तप या माणसांच्या संख्येविषयी सरकारच्या हाती जनगणनेचा आकडा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगात दर 127 माणसांमागे सुमारे एक माणूस स्वमग्न होता. हे प्रमाण महाराष्ट्राच्या 2011 मधील 11 कोटी 24 लाख लोकसंख्येला लावले, तर संख्या आठ-नऊ लाखांच्या घरात जाते. हा हिशेब ढोबळ आहे. त्यावर योजना आखता येणार नाही. परंतु मोजता येत नाही, ही सबबही खरी नाही. पलवल, कांगडा, ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणच्या सुमारे चार हजार मुलांची घरोघर जाऊन केलेली पाहणी 2018 साली प्रसिद्ध झाली. त्या पाहणीत स्वमग्नतेसह वाढीतील अनेक दोषांची पद्धतशीर तपासणी झाली होती. जे संशोधकांच्या एका गटाला जमले ते राज्ययंत्रणेला न जमण्याचे कारण साधनांचा अभाव हे नसून इच्छेचा अभाव हे आहे.

‘स्वमग्नता’ हा शब्द सोयीचा असला तरी थोडा फसवा आहे. हा माणूस स्वतःतच गुंग असतो, जगाकडे त्याने जाणूनबुजून पाठ फिरवलेली असते, असा भास त्यातून होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. इतरांशी संवाद साधण्याची, आवाज-प्रकाश-स्पर्श ग्रहण करण्याची आणि बदलाला सामोरे जाण्याची या माणसाची घडणच निराळी असते. ती जन्मजात असते आणि जन्मभर राहते. कोणी बोलत नाही, पण कुकरच्या शिटीने कान गच्च दाबून धरतो. कोणी पदवीधर होऊन संगणकावर उत्तम काम करतो आणि कचेरीतल्या चहाच्या सुट्टीत मात्र हैराण होतो. एकाला चोवीस तास सोबत लागते, दुसऱ्याला फक्त समजूतदार वरिष्ठ लागतो. एकाच नावाखाली इतकी विविध माणसे येतात, ही गोष्ट योजना आखणाऱ्याने प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

1943 साली लिओ कॅनर या बालमानसतज्ज्ञाने अमेरिकेत अकरा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या अवस्थेला वैद्यकात स्वतंत्र स्थान मिळाले. त्यानंतरची दोन-अडीच दशके मात्र लाजिरवाणी ठरली. आई थंड, आई प्रेमशून्य, म्हणून मूल असे, हा सिद्धान्त प्रतिष्ठा पावला. ब्रुनो बेटलहाइम यांच्या 1967 च्या पुस्तकाने तो लोकप्रिय केला. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने 1964 सालीच त्याचे खंडन केले होते. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. आज तो सिद्धान्त कोणताही जबाबदार तज्ज्ञ मानीत नाही. पण आरोप मेला असे म्हणवत नाही. पूर्वी पत्रिकेतले ग्रह आणि आईचे डोहाळे दोषी असत. आता ‘आईने मोबाइल हाती दिला’ असे म्हटले जाते. आरोपाची भाषा बदलली, आरोपी तीच राहिली. राज्यकर्त्यांनाही हे सोयीचे जाते, कारण घर दोषी ठरले की जबाबदारीही घरावरच येते.

आता कायद्यांकडे वळू. 1995 च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकार होते. स्वमग्नता त्यात नव्हती. अशा मुलाला सवलत हवी असेल तर आईबापांनी ‘मतिमंद’ असा दाखला घ्यावा, एवढाच मार्ग होता. दिल्लीत मेरी बरुआ यांनी 1991 मध्ये सुरू केलेल्या ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ या संस्थेप्रमाणे ठिकठिकाणचे पालक तोवर संघटित होऊ लागले होते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांसाठी 1999 साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, त्यामागे पालकांची ही धडपड होती. पुढे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले. त्यांत स्वमग्नता स्वतंत्रपणे आली आणि सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का स्वमग्न, बौद्धिक अक्षमता असलेले, अध्ययन-अक्षम, मनोरुग्ण व बहुविकलांग अशा सर्वांना मिळून देण्यात आला. एका पानावर पाच जणांची पंगत बसवावी, तसा हा प्रकार आहे. तरीही शून्यापेक्षा तो बरा, हे मान्य केले पाहिजे.

1999 च्या कायद्याचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. केंद्र सरकारने न्यासाला एकदाच शंभर कोटी रुपये द्यायचे आणि त्या निधीच्या उत्पन्नातून व देणग्यांतून न्यासाने देशभर काम करायचे, अशी मूळ कल्पना होती. शाळा, दवाखाना, रस्ता यांसाठी खाते असते. या माणसांसाठी धर्मादाय निधी. योजनांची नावे मात्र साजरी आहेत. ‘निरामय’ हा आरोग्यविमा, त्याची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये. लहान मुलांसाठी ‘दिशा’, आईबापांना थोडी उसंत मिळावी म्हणून ‘समर्थ’, आयुष्यभराच्या निवाऱ्यासाठी ‘घरौंदा’. या योजना स्वयंसेवी संस्थांमार्फत चालतात. ज्या जिल्ह्यात संस्था आहे तिथे योजना आहे. जिथे संस्था नाही तिथे केवळ पत्रक आहे. पुण्यामुंबईच्या पालकाला चार दारे तरी ठोठावता येतात. मेळघाटातील वा अक्कलकुव्यातील पालकाने कुठे जावे? घरौंद्याची घरे तर देशभरात मोजकीच आहेत.

बालवयापुरती सरकारची आखणी कागदावर बरी आहे, हे नाकारता येणार नाही. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरत्या पथकांनी अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुले एकदा तपासावीत, वाढीत मागे पडलेली मुले हेरून जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे धाडावीत, अशी योजना आहे. 2023 च्या नोव्हेंबरात केंद्राने अंगणवाड्यांसाठी दिव्यांग बालकांविषयीची कार्यपद्धतीही जाहीर केली. म्हणजे मूल हेरण्याचे काम अखेर अंगणवाडी सेविकेकडे आले. पोषण, लसीकरणाच्या नोंदी, मोबाइलवरची माहिती, निवडणुकीची कामे हे सारे सांभाळून आता हेही तिनेच करायचे. तिचे केंद्राकडून येणारे मानधन 2018 साली 4,500 रुपये झाले. तिला कर्मचारी मानण्यास सरकार तयार नाही. जिला स्वतः हक्काचे वेतन नाही तिच्या खांद्यावर दुसऱ्यांचे हक्क उभे करण्याची ही रीत या देशात नवी नाही.

समजा, तिने मूल हेरले. पुढे काय? वाचा-उपचार, व्यवसायोपचार, विशेष शिक्षण हे आठवड्यातून अनेकदा आणि वर्षानुवर्षे चालणारे काम आहे. जिल्ह्याच्या गावी एकदा नेऊन दाखला मिळेल. काम होणार नाही. तालुक्याहून एस.टी.ने मूल घेऊन जायचे म्हणजे आईची वा बापाची त्या दिवसाची मजुरी बुडाली. ही पोकळी बाजाराने भरली आहे. शहरांतून तासाच्या दराने उपचार विकले जातात आणि त्यांत खरे तज्ज्ञ किती व पाटी लावून बसलेले किती, हे पालकाला कळण्याची सोय नाही. मूळ पेशींच्या इंजेक्शनांनी स्वमग्नता ‘बरी’ करून देण्याचा धंदा तर लाखोंच्या घरात गेला. स्वमग्नतेसाठी अशा उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने 2022 च्या डिसेंबरात स्पष्ट केले. तोवर किती आयांची मंगळसूत्रे सराफाकडे गेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पालकांच्या भाबडेपणाला हसणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की सरकारी दवाखान्यात आशा मिळत नाही तेव्हाच ती दुकानात विकत घेतली जाते.

शाळेची कथा थोडक्यात सांगता येईल. शिक्षणहक्क कायद्याने मुलाला प्रवेश मिळतो. त्याला शिकवणारा मिळत नाही. प्राथमिक स्तरावर अशा दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले. 2025 मध्ये त्याच न्यायालयाला पदे निर्माण करण्यासाठी राज्यांना पुन्हा बजवावे लागले. वर्षानुवर्षे हे काम कंत्राटी, फिरत्या शिक्षकांवर चालवले गेले. ज्या मुलाला ओळखीचा चेहरा आणि ठरलेला क्रम हाच आधार असतो, त्याला दर वर्षी कंत्राट संपणारा शिक्षक द्यायचा, यातली क्रूरता मंत्रालयातील टिपणीत दिसत नाही.

पण हा सारा विचार मुलाचा झाला. मूल अठरा वर्षांचे होते तेव्हा काय होते, हा खरा प्रश्न आहे, आणि तिथे शासनाचा आराखडा जवळजवळ कोरा आहे. शाळा संपते. बालस्वास्थ्याची पथके अठराव्या वर्षी थांबतात. आईबापांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते. बँकेत खाते उघडायचे, सातबाऱ्यावरील हिश्श्याबाबत काही करायचे, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्वाचा दाखला आणायला सांगतात. आणि मुलगा अथवा मुलगी दिवसभर घरात असते. बाप म्हातारा होतो, आई थकते आणि मुलाचे बळ वाढलेले असते. अशा घरांतून रात्री अकरानंतर हलक्या आवाजात एकच प्रश्न बोलला जातो : आपल्या पश्चात याचे काय?

या प्रश्नाचे उत्तर आज प्रत्येक वर्गाला निराळे मिळते, आणि समाजवादी कार्यकर्त्याने नेमके इथेच थांबून पाहावे. बाप सरकारी नोकर असेल, तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कुटुंबनिवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद आहे. ती योग्यच आहे. बाप आयकर भरत असेल आणि जुनी करपद्धती स्वीकारत असेल, तर अशा अपत्याच्या संगोपनापोटी 75 हजार, आणि अपंगत्व तीव्र असेल तर सव्वा लाख रुपये त्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतात. आणि बाप ऊसतोड कामगार असेल तर? केंद्राचे अपंग निवृत्तिवेतन दारिद्र्यरेषेखालील घरातल्या, ऐंशी टक्के अपंगत्वाचा दाखला असलेल्या प्रौढाला मिळते. ते महिन्याला 300 रुपये आहे आणि हा आकडा 2012 पासूनचा आहे. महाराष्ट्र सरकारने संजय गांधी निराधार योजनेतील दिव्यांगांचे अनुदान 2025 साली 2,500 रुपये करण्याचे ठरवले. ही वाढ स्वागतार्ह आहे, पण चोवीस तासांच्या सोबतीची किंमत दिवसाला त्र्याऐंशी रुपये, असा तिचा अर्थ होतो. ज्याच्यापाशी अधिक आहे त्याला राज्य अधिक देते. ज्याच्यापाशी काही नाही त्याला अर्जाचा नमुना देते.

ही सोबत करते कोण? बहुतेक घरी आई, तिच्यानंतर बहीण. देशाच्या 2024 च्या कालवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात आणि पुरुष 88 मिनिटे, असे आढळले. हे सर्वसाधारण घरांचे आहे. स्वमग्न प्रौढ असलेल्या घरातील स्त्रीच्या श्रमांची वेगळी नोंदच नाही. ती नोकरी सोडते, सणसमारंभ सोडते, कित्येकदा माहेरही सुटते. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या अर्जावर, दिव्यांग मुलाच्या आईला संगोपन रजा नाकारता कामा नये, असे म्हटले. निर्णय मोलाचा आहे. पण रजा मिळायला आधी नोकरी लागते. विडी वळणाऱ्या बाईला रजा कोण देणार?

सोबत करणाऱ्यासाठी भत्ता द्यावा, हे 2016 च्या कायद्याच्या चोविसाव्या कलमात लिहिलेले आहे. अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी तो आहे. मात्र त्याच कलमाच्या आरंभी, सरकारने हे ‘आपल्या आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत’ करावे, अशी पळवाटही आहे. केरळने 2010 पासून ‘आश्वासकिरणम्’ योजनेखाली सोबत करणाऱ्याला भत्ता सुरू केला. तो महिना 600 रुपयांवर आला. रक्कम तुटपुंजी आहे, ती थकल्याच्या तक्रारीही झाल्या. पण घरातल्या बाईचे हे काम काम आहे, हे एका सरकारने कबूल केले. त्याहून महत्त्वाचे काम तेथील पंचायतींनी केले आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील वेंगानूर येथे 2004 साली पंचायतीने कुटुंबश्रीच्या साहाय्याने ‘बड्स’ शाळा काढली. आज अशा तीनशेहून अधिक संस्था आहेत आणि त्यांतील मोठा भाग अठरा वर्षांवरील माणसांसाठी आहे. सकाळी गाडी येते, माणूस दिवसभर आपल्या माणसांत जातो, काही बनवतो, संध्याकाळी घरी येतो. आईला दिवस मोकळा मिळतो. घरापासून दूर भिंतीआड कोंडणारे मोठे वसतिगृह आणि घरातच कोंडणारे एकाकीपण या दोहोंहून निराळा असा हा मार्ग आहे. तो परदेशातून आणावा लागत नाही.

परदेशाचा दाखला द्यायचाच तर इंग्लंडचा द्यावा, तोही बेताने. तेथे 2009 साली स्वमग्नतेविषयी स्वतंत्र कायदा झाला आणि त्याने सरकारवर प्रौढांसाठी धोरण आखण्याचे बंधन घातले. भारतात जो भाग कोरा राहिला तिथूनच त्यांनी आरंभ केला. पण कायद्यापाठोपाठ पुरेसा पैसा आला नाही. अलीकडे तेथे निदानासाठी वाट पाहणाऱ्यांची संख्या दोन लाखांच्या वर गेली. निधीची सक्ती नसलेला कायदा श्रीमंत देशातही रांगच वाढवतो.

म्हणून मुद्दा निधीचा आहे, आणि महाराष्ट्राला तो अपरिचित नाही. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाला काम देणे ही सरकारची मेहेरबानी समजली जात होती. वि. स. पागे यांची कल्पना आणि मोर्चे काढणाऱ्या संघटनांचा रेटा यांतून ती मेहेरबानी हक्क झाली. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला. त्याआधी 1975 मध्येच व्यवसाय कर बसवला गेला होता. शहरातल्या पगारदाराच्या करातून खेड्यातल्या मजुराच्या कामाची तजवीज झाली. काम मागितले की द्यावे लागेल, न दिल्यास भत्ता द्यावा लागेल आणि पैसा राखून ठेवलेला असेल, ही त्या कायद्याची ताकद होती. अंमलबजावणीत पुष्कळ खोट निघाली, मस्टरे खोटी भरली गेली, हे सर्वश्रुत आहे; म्हणून तत्त्व खोटे ठरले नाही. स्वमग्न प्रौढाची सोबत, त्याचे दिवसाचे केंद्र आणि आईबापांच्या पश्चात निवारा यांना अशीच हमी हवी. मागणी केल्यापासून ठरावीक दिवसांत सोय, नाही तर घरातल्या सोबतीणीला किमान वेतनाच्या दराने भत्ता, आणि त्यासाठी राखीव उत्पन्न.

‘कोट्यवधी धडधाकट तरुणांना काम नाही, आणि तुम्ही कोणाचे घेऊन बसलात?’ असा प्रश्न पक्षाच्या बैठकांतूनही येतो. हा प्रश्न विचारणारा दुष्ट नसतो, पण त्याचे गणित अपुरे असते. अशी केंद्रे उभी राहिली तर त्यांत शिकवणारे, सोबत करणारे, गाडी चालवणारे लागतील, आणि कामासाठी मोकळ्या झालेल्या आया असतील. शिवाय ज्या समाजवादात केवळ उत्पादन करू शकणाऱ्यालाच जागा आहे, तो कारखानदाराच्या हिशेबवहीहून फार वेगळा नाही.

दुसरी एक सावधगिरी आवश्यक आहे. आजवर या प्रश्नावर पालक बोलले. स्वमग्न माणसे स्वतः बोलू, लिहू लागली आहेत आणि आमच्याविषयी आम्हाला वगळून ठरवू नका, असे बजावीत आहेत. भारताने 2007 साली मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा करारही त्यांच्या निर्णयाधिकाराचा आग्रह धरतो. 1999 च्या कायद्यातील पालकत्व आणि 2016 च्या कायद्यातील मर्यादित, सल्लामसलतीचे पालकत्व यांचा मेळ अजून नीट बसलेला नाही. जो बोलत नाही त्यालाही आवडनिवड असते. ती चित्रांतून, खुणांतून, टंकलेखनातून कळू शकते. सोय करण्याच्या भरात त्याचे मत विचारायचे राहून गेले, तर जुन्याच कोंडवाड्याला नवा रंग दिल्यासारखे होईल.

महाराष्ट्राने 2022 च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. अपंगांचे दिव्यांग झाले, खात्याला नवी पाटी मिळाली. 2 एप्रिलला जागतिक स्वमग्नता दिनी इमारतींवर निळे दिवेही लागतात. कार्यकर्त्याने दिव्यांखाली उभे न राहता कचेरीत जावे. जिल्हाधिकारी कार्यालयात स्थानिक समितीची शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली आणि पालकत्वाचे किती अर्ज पडून आहेत, हे लेखी विचारावे. जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचा-उपचारकाचे आणि विशेष शिक्षकाचे पद भरलेले आहे का, हे पाहावे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. बहुधा ते मार्चअखेरच्या वाटपात संपतात. चार-पाच गावांनी ते एकत्र करून एका रिकाम्या शाळाखोलीत दिवसाचे केंद्र चालवावे, असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. त्या ठरावाआधी गावातल्या अशा घरी जावे लागेल. दार लवकर उघडणार नाही. उघडल्यावरही आतला तरुण कार्यकर्त्याकडे पाहणार नाही, कदाचित कानांवर हात ठेवून कोपऱ्यात सरकेल. तेव्हा आवाज खाली आणावा, बसून राहावे, आणि त्याच्या आईला विचारावे की ती शेवटची बाजाराला एकटी कधी गेली होती.